मुलगा अठराचा होईपर्यंत

मुलींच्या भल्यासाठी कुठून पैसा येणार असला की आमच्या वसाहतीत आधी सतरंज्या झटकल्या जायच्या. धूळ उडायला लागली की आम्ही समजायचो, पाहुणे येणार, भाषणं होणार आणि शेवटी कागदाच्या पाकिटात एक समोसा मिळणार. मुलींचं भलं कधी झालं ते मला ठाऊक नाही. समोसे मात्र मी पुष्कळ खाल्ले.

वसाहत सरकारी कारखान्याची. नवरा तिथे टर्नर होता. वर्ध्याकडच्या गावातून त्याला भोपाळला नोकरी लागली आणि लग्न करून मी त्याच्या मागे आले. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे तुळस, मागे मोरी. साहेब लोकांचे बंगले वेगळ्या रस्त्याला, तिथे झाडंसुद्धा जास्त. त्या बंगल्यांमधल्या बायकांचा एक लेडीज क्लब होता. सगळ्यात मोठ्या साहेबांची बायको ही क्लबची अध्यक्ष. निवडणूक नाही, काही नाही. साहेबांची बदली झाली की अध्यक्षही बदलायची आणि नवीन साहेबांची बायको पहिल्याच दिवशी म्हणायची, "मला समाजसेवेची लहानपणापासून आवड आहे."

क्लबच्या सभागृहात पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. खुर्च्यांवर साहेबांच्या बायका बसायच्या, त्यातही नवऱ्याच्या ग्रेडप्रमाणे. एखादी दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आली की आम्हाला कळायचं, हिच्या नवऱ्याला बढती मिळाली. कामगारांच्या बायका सतरंजीवर. आणि याच सभागृहात बायकांच्या समानतेवर भाषणं व्हायची. बाईला बसवायचं नवऱ्याच्या ग्रेडवर आणि वर तिला सांगायचं की तू कोणाहून कमी नाहीस. आम्ही टाळ्या वाजवायचो. टाळ्या संपल्याशिवाय पाकिटं वाटत नसत.

माझा नवरा एका उन्हाळ्यात गेला. सकाळची पाळी करून दुपारी आला, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकून खाली बसला होता. कारखान्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. हात उगारायचा नाही, भाजीत मीठ कमी असलं तर निमूट मागून घ्यायचा. याहून जास्त त्याच्याबद्दल लिहीत नाही, कारण हे त्याच्याबद्दल नाही.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आयटीआयमध्ये विजेच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा गुंडाळायचं काम शिकली होती, निकाल लागायचा होता. तिच्या वर्गात बाकी सगळे मुलगे. मुलगा साडेचौदा वर्षांचा, नववीत दुसऱ्यांदा बसलेला.

कारखान्याचा नियम असा होता की नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळायची. त्याला अनुकंपा म्हणायचे. आणि नियमाशेजारी एक रीत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती, पण नियमापेक्षा पक्की होती. मुलगा लहान असेल तर तो अठराचा होईपर्यंत फाइल उघडी ठेवायची, जागा राखायची. घरात मुलगी मोठी असो, शिकलेली असो, बाईच्या अंगात काम करायची धमक असो, कोणी विचारायचं नाही. सगळी वसाहत तशीच चालायची. कितीतरी घरं मी अशी बघितली होती की घरातली माणसं चार-चार वर्षं एका पोराला मिशा फुटायची वाट बघत बसली आहेत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझे दीर टी. टी. नगरातून स्कूटरवर आले. राज्य सरकारात कारकून. अर्ज टाइप करूनच आणला होता.

"वहिनी, इथे सही करा. पोराचं नाव घातलंय."

"त्याला अजून साडेतीन वर्षं आहेत, भाऊजी."

"ती जागा राखून ठेवतात. मी चौकशी केलीये सगळी."

"तोवर खायचं काय?"

"देव आहे ना."

"देव तुमच्याकडे टी. टी. नगरात राहतो का? मग त्याच्या हाती थोडा किराणा पाठवा."

ते रागावले, पण मी सही केली. वाचून केली. चार इयत्ता शिकले आहे, अर्ज हिंदीत होता, मला कळला. मुलाचं नाव होतं, ते योग्यच वाटलं.

आठवड्याभरात क्लबच्या अध्यक्षबाई घरी आल्या. पुण्याकडच्या होत्या, बोलणं अगदी धुतलेलं. आमच्या गल्लीत त्या कधी आल्या नव्हत्या, कारण गल्लीत त्यांची गाडी वळत नसे. त्या दिवशी गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत आल्या आणि ते दोनदा सांगितलं. सोबत क्लबच्या सेक्रेटरीबाई, हातात फॉर्म.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो ताई, बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं आपल्या क्लबला निधी दिलाय. फक्त स्त्रिया आणि मुलींसाठी. त्यांच्या समान हक्कांसाठी. स्त्रीप्रमुख कुटुंबं निवडायची आहेत. तुम्ही आता कुटुंबप्रमुख!"

"मग क्वार्टर माझ्या नावावर करून द्या," मी म्हटलं.

त्या हसल्या. "ते नियमात नाही हो बसत."

नियमात जे बसत होतं ते असं: दर महिन्याला शिधा, मुलाच्या शाळेची फी, आणि क्वार्टर लगेच सोडायला लागू नये म्हणून साहेबांच्या कानावर एक शब्द. सेक्रेटरीबाई फॉर्म भरायला लागल्या. मुलीसाठी एक रकाना होता, तिला कोणतं कौशल्य शिकायचं आहे. त्यात तीनच पर्याय होते. शिवण, पार्लर, लोणची-पापड.

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "मी आयटीआय केलंय. वाइंडिंगचं."

"छान गं, छान," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "पण तो रकाना नाहीये यात. लोणची घालू का?"

मुलीनं उत्तर दिलं नाही, म्हणून लोणची घातली. जिनं जन्मात कैरी चिरली नव्हती ती कागदावर लोणचीवाली झाली.

शेवटचा प्रश्न होता, कुटुंब स्वतःच्या पायावर कधी उभं राहील. मी म्हटलं, "मुलगा अठराचा झाला की. त्याची जागा राखायचा अर्ज दिलाय." सेक्रेटरीबाईंनी लिहून घेतलं. पेन कुठे अडखळलं नाही. बायकांच्या समान हक्कांसाठी कोणीतरी कुठून पैसा पाठवला, आणि तो पैसा खर्चून चौघीजणी एका पोराच्या वाढदिवसाची वाट बघणार होत्या, हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. आमच्या म्हणजे तीन बायांच्या. चौथीच्या आलं होतं.

त्या संध्याकाळी कणीक मळताना ती म्हणाली, "आई, बाबांची नोकरी मला का नाही?"

"तुझं लग्न करायचंय."

"कधी?"

"तो लागला नोकरीला की."

"म्हणजे त्याच्यासाठी जागा राखायची आणि त्याला जागा मिळेपर्यंत मलाही राखायची. मी आज जाऊ शकते कामाला, आई. उद्या सकाळी."

"भावाच्या ताटातलं ओढतेस?"

हे मी बोलले. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे वसाहतीत सगळ्यांनी असं धरलं की मी पहिल्यापासून फार शहाणी होते. नव्हते. आपली मुलगी नोकरी करू शकते, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तो नाकारला असंही झालं नव्हतं. तो आलाच नव्हता.

ती दुसऱ्या दिवशी स्वतः कारखान्याच्या ऑफिसात जाऊन विचारून आली. अर्ज अजून वर गेलेला नव्हता. महिना संपला की जाणार होता. तोपर्यंत आईनं स्वतः येऊन नाव बदललं तर बदलेल, एकदा मोठ्या साहेबांची सही झाली की काही होणार नाही. तिनं एवढं मला सांगितलं आणि बोलणं बंद केलं. भांडण नाही, रडणं नाही. ताट वाढून समोर ठेवायची आणि आत जायची. बापही असाच करायचा. तो करायचा तेव्हा मला बरं वाटायचं, घरात शांतता राहायची. ही करायला लागली तेव्हा घास गिळवेना.

पहिला शिधा आला तेव्हा फोटोवालाही आला. तांदळाचं पोतं दारात ठेवलं, मला शेजारी उभं केलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तेलाचा डबा मुलीच्या हातात द्या. मुलींचा प्रकल्प आहे." मुलीनं डबा धरला. "थोडं हस ना गं," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "डबा जड आहे." फोटो तसाच निघाला.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं यायची ठरली. सतरंज्या झटकल्या. फलक लागला, त्यावर पंख फुटलेली एक मुलगी आकाशात चाललेली. सहा कुटुंबं निवडली होती, त्यातलं बोलायला आमचं ठरलं. का, तर मला वाचता येतं, अगदीच अडाणी नाही आणि अगदीच शिकलेलीही नाही. अध्यक्षबाई आदल्या दिवशी शिकवून गेल्या, "घाबरायचं नाही. जे आहे ते मनापासून सांगायचं."

त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा त्या सभागृहात खुर्ची मिळाली, तीही व्यासपीठावर. मुलगी खाली सतरंजीवर, बाकी पाच घरांच्या मुलींबरोबर. पहिल्या रांगेत मोठे साहेब स्वतः बसले होते. पाहुण्यांमध्ये एक गोरी बाई होती, आणि तिचं बोलणं आम्हाला सांगायला चार इमली या साहेबी वस्तीतल्या एका बड्या सरकारी अधिकाऱ्याची बायको होती, सुती साडी, कपाळाला मोठं कुंकू.

गोरी बाई काहीतरी बोलली. चार इमलीच्या बाई माझ्याकडे वळल्या. "ये पूछ रही हैं, इस मदद से आपके घर में क्या बदलेगा?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत जे आहे ते सांगितलं. म्हटलं, "बदलायचं काय? मुलगा अठराचा होईपर्यंत त्याच्या बापाची जागा राखायची आहे. तोवर तुमच्या शिध्यावर भागेल. मुलगी मोठी आहे, मशीनचं काम शिकलेली आहे, ती थांबेल."

मी टोमणा मारत नव्हते. विचारलं त्याचं उत्तर दिलं. चार इमलीच्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं, माझ्या तीन वाक्यांची त्यांनी बरीच वाक्यं केली. गोऱ्या बाईनं छातीवर हात ठेवला, उठली आणि मला मिठी मारली. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. पहिली रांग, दुसरी रांग, सतरंज्या. मोठे साहेबही वाजवत होते. जागा राखायची सही त्यांचीच व्हायची होती. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे त्यांना तरी कळायला हवं होतं, त्यांना हिंदी येत होती.

त्या टाळ्यांत मला माझंच वाक्य ऐकू आलं. ती थांबेल. माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते साधं वाक्य होतं. एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवल्यावर ते भलतंच दिसायला लागलं, नवीन भांडं उजेडात धरल्यावर भोक दिसावं तसं. ज्यांनी मुलींसाठी पैसा दिला ते टाळ्या वाजवत होते, ज्यांनी तो मुलाकडे वळवला ते वाजवत होते, आणि मी मधे मिठीत उभी. मी मुलीकडे बघितलं. ती एकटी टाळ्या वाजवत नव्हती. रागानं बघत असती तर बरं झालं असतं. बसमधल्या अनोळखी बाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

समोसा मी तिथेच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी होते. बडे बाबू, म्हणजे तिथला मुख्य कारकून, इंदूरकडचा होता. तो त्याच्या हिंदीत बोलला, मी माझ्या. इथे मराठीत लिहिते.

"नाव बदलायचं आहे," मी म्हटलं. "मुलाचं काढा, मुलीचं घाला."

त्यानं चष्मा काढला. "बहनजी, मुलगी उद्या लग्न करून जाईल. नोकरीही तिच्याबरोबर सासरी जाईल."

"तुम्ही आईबरोबर राहता?"

"आई इंदूरला असते, मोठ्या भावाकडे."

"म्हणजे तुमची नोकरी तुमच्या बायकोबरोबर इथे आली. आईबरोबर नाही राहिली."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. बडे बाबूनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मुलीला लिहून द्यावं लागेल की ती आईला आणि भावाला सांभाळेल."

"मुलाकडून असं लिहून घेता?"

"मुलाचं गृहीतच असतं."

"तुमच्या आईनंही गृहीतच धरलं असेल," मी म्हटलं.

त्यानं कागद काढला. वाईट माणूस नव्हता. रीत चालवत होता, इतकंच. मुलीनं लिहून दिलं. मुलाची संमती मीच दिली, पण घरी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मला कारखान्यात जावं लागणार नाही ना?" आणि खेळायला पळाला. ज्याच्यासाठी क्लब, कारखाना, दीर, मी, परदेशातली बाई, सगळे थांबले होते, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

महिना संपला आणि अर्ज वर गेला. मुलीच्या नावाचा.

दीर आले ते बसलेच नाहीत. "वंशाचा हक्क तुम्ही पोरीला दिलात. दादा असता तर?"

"दादा असते तर जागाच रिकामी झाली नसती, भाऊजी. चहा घेणार?"

घेतला नाही. पुढे दोन दिवाळ्या आले नाहीत. माझा फराळ वाचला.

अध्यक्षबाई आल्या नाहीत, सेक्रेटरीबाईंना पाठवलं. त्या उंबऱ्यावरूनच बोलल्या. "ताई, तुम्ही आम्हाला फार अडचणीत टाकलंत. तुमचं नाव अहवालात गेलंय. आता कमावणारी व्यक्ती आली म्हटल्यावर तुम्ही प्रकल्पात कशा बसणार?"

"कमावणारी मुलगी आहे. मुलींचाच ना प्रकल्प?"

"तसं नाही हो. तुम्हाला आधाराची गरज राहिली नाही असं दिसतं त्यातून."

म्हणजे बाई आधारावर बसलेली असेपर्यंत तिला समान करायचं, उभी राहिली की नाव कापायचं. मी त्यांना हे बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्ही फार कडवट झालात." शिधा बंद झाला. आमच्या जागी दुसरी विधवा घेतली, तिचा मुलगा बारा वर्षांचा होता. त्यांचा प्रकल्प पुढची सहा वर्षं सुरक्षित झाला.

साहेबांच्या कानावरचा शब्दही परत घेतला गेला असावा, कारण मुदत संपताच क्वार्टर सोडायची नोटीस आली. आम्ही अशोका गार्डनमध्ये एक खोली घेतली, रेल्वे लाइनीजवळ, खाली वेल्डिंगचं दुकान. गाडी गेली की भांडी वाजायची. मुलगी त्या गल्लीतल्या एका दुकानात पंख्यांच्या मोटारी भरून द्यायची. मी दोन घरी पोळ्या करायचे. अर्ज वर गेला म्हणजे काम झालं असं नव्हतं. वर गेलेला अर्ज खाली यायला साडेदहा महिने लागले. त्या काळात माझ्या मनात कितीदा आलं की चूक केली, हातचा शिधा घालवला, क्वार्टर घालवलं. तिला बोलून दाखवलं नाही. तिलाही तेच वाटत असेल, तीही बोलली नाही. पण ताट वाढून आत जाणं तिनं बंद केलं होतं, समोर बसून जेवायची. खोलीला आत नव्हतंच म्हणा.

पत्र आलं ते एका दुपारी. कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे त्या खात्यात नेमणूक, हेल्पर म्हणून. सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचं. मी पत्र दोनदा वाचलं, नाव तिचंच होतं. देवापुढे ठेवलं नाही. ट्रंकेत ठेवलं, तिथे उंदीर जात नाहीत.

सोमवारी पहाटे ती बापाचा जेवणाचा डबा नको म्हणाली, नवीन घेतला होता. वेणी घट्ट घातली, कारण मशीनजवळ केस सुटे चालत नाहीत. चपला घालता घालता विचारलं, "आई, त्या दिवशी टाळ्या वाजल्या नसत्या तर तू गेली असतीस ऑफिसात?"

खोटं बोलता आलं असतं. अशा वेळी आया बोलतात.

"नसते गेले," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला हे माहीत होतंच, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग म्हणाली, "दार लावून घे," आणि पाळीला गेली. मी दार लावलं. मुलगा झोपला होता, त्याला शाळेसाठी उठवलं.